ज्याला मरण नाही, त्याला यंत्र कशाला?

हस्तलिखित आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. ३१२ पानांची पीडीएफ, फाइलचं नाव 'कादंबरी फायनल नवीन ३' आणि खाली एकच ओळ: "सर, टाइम मशीन बी आहे अन् व्हॅम्पायर बी. वाचाल का?"

लिहिणारा गंगाखेडचा, अजून तिशी न गाठलेला, परभणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मी मराठी शिकवून निवृत्त झालोय, संभाजीनगरात राहतो आणि लोकांची हस्तलिखितं वाचतो. त्याचं नाव देत नाही, पण प्रकरण त्याला विचारूनच मांडतोय. विज्ञानकथेत दोन मोठ्या कल्पना एकत्र नांदवायला गेलं की काय होतं, ते मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. त्यात माझा सल्ला दोनदा चुकला, तेही सांगायचं आहे.

पहिल्या खर्ड्यातली गोष्ट अशी. परभणीचा एक लॅब टेक्निशियन दौलताबाद बघायला जातो. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे त्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारी वाटेत, तो मागे पडतो आणि त्याला एक रक्तपिपासू भेटतो. काळा झगा, लाल डोळे, लसणाची भीती, सगळं साग्रसंगीत. हा गृहस्थ यादवांच्या काळापासून जिवंत आहे. तो नायकाला सांगतो की १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा किल्ल्यात धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं आणि रामदेवरायाला तह करावा लागला. (ही हकीकत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात.) नायकाच्या आतेभावानं पुण्यात टाइम मशीन बनवलेलं असतं. मग काय, स्वारी थेट १२९६ मध्ये, पोती तपासायला.

पहिल्या वाचनात मी पेन्सिल घेऊन बारीकसारीक चुका काढत बसलो. देवगिरीच्या पायथ्याशी एक म्हातारी नायकाला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा देते, वर शेंगदाण्याचं कूट. आता मिरची काय, शेंगदाणा काय, दोन्ही अमेरिका खंडातले. १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आले. रामदेवरायाच्या रयतेला तिखट हवं असेल तर मिरी नाहीतर पिंपळी. भाकरी राहू दे म्हटलं, ज्वारी आपली जुनीच. पुढं नायक लांबून चाँद मिनार बघतो आणि 'आलोच देवगिरीला' असं म्हणतो. तो मिनार बहामनींच्या काळातला, पंधराव्या शतकातला. म्हणजे नायक दीडशे वर्षं आधीच खूण ओळखून मोकळा.

लसणाचं तर विचारूच नका. मराठवाड्यात लसणाला भिणारं पिशाच्च पोटाला काय खाणार? इथं ज्याच्या अंगाला लसणाचा वास नाही असा माणूस शोधायचा म्हणजे त्याला गावंच्या गावं पालथी घालावी लागतील.

पण हे सगळं वरवरचं. खरं दुखणं पान १४० वर होतं.

तिथं नायक १२९६ मध्ये पोचतो, तर पाठोपाठ तो रक्तपिपासूही यंत्रात बसून येतो. आणि १२९६ मध्ये तो स्वतः आधीच आहे. सातशे वर्षांनी तरुण, किल्ल्याच्या पायथ्याशी, नुकताच चावा बसलेला. लेखकानं दोघांची मारामारी लिहिली होती, झकास लिहिली होती. मी समासात विचारलं, तरुण मेला तर म्हातारा कुठून आला? आणि म्हाताऱ्याला ही मारामारी आठवत कशी नाही? त्यानं तर ती एकदा तरुणपणी खाल्लेली आहे.

दुसरी गाठ त्याहून वाईट. नायक पोती तपासतो, मीठ बाहेर काढतो, किल्ला टिकतो. मग मिठाची हकीकत घडलीच नाही. मग पहिल्या प्रकरणात ती त्या रक्तपिपासूनं नायकाला सांगितली कशी? आणि त्यानं सांगितली नसेल तर नायक गेला कशाला?

मी त्याला संभाजीनगरला बोलावलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही उभ्या रेघेवर सालं मांडली, नायकाची निळी रेघ, पिशाच्चाची लाल. निळी रेघ २०२४ वरून टुणकन १२९६ वर. लाल रेघ १२९६ पासून २०२४ पर्यंत सलग, आणि मग ती पण टुणकन मागे. अर्धा तास तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, लाल रेघ तर आधीच सगळीकडं आहे की."

हेच ते. ज्याला मरण नाही तो स्वतःच काळाचा प्रवासी असतो, फक्त सावकाश. सातशे वर्षं त्यानं एकेक दिवस ढकलत पार केलेली असतात. त्याला यंत्रात बसवणं म्हणजे पायी वारी करून पंढरपुरात पोचलेल्याला एसटीचं तिकीट काढून देणं. इंग्रजीत या दोन कल्पनांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबऱ्या दोनच वर्षांच्या अंतरानं आल्या, काळयंत्राची १८९५ मध्ये आणि ड्रॅक्युला १८९७ मध्ये. दोन्हींचं काम एकच: आजच्या माणसासमोर दुसरा काळ आणून उभा करणं. एकीत माणूस तिकडे जातो, दुसरीत तिकडचा इकडे येतो. एकाच बैलगाडीला दोन्ही बाजूंनी जुंपलं तर गाडी जागची हलत नाही.

इथं माझा पहिला सल्ला चुकला. मी म्हटलं, पिशाच्च काढून टाक. काळप्रवासाला निदान शास्त्राचा आधार आहे. पुढं जाण्यापुरता तर पक्काच, कारण काळ सगळीकडं सारख्या वेगानं जात नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात आणि ती दुरुस्त केली नाहीत तर फोनवरचा नकाशा चुकेल. त्यानं मान डोलावली, परभणीला गेला आणि महिनाभर फोन नाही. मग मेसेज आला: "सर, पिशाच्च काढलं तर मला काही लिहायलाच येईना. मी रोज रक्तच बघायलो."

त्याचं बरोबर होतं. ३१२ पानांतली जिवंत पानं मोजली तर वीसेक भरतील, आणि ती सगळी रक्ताची होती. जांभळ्या टोपणाची नळी हळूच उलटीसुलटी करणारा हात, हिमोग्लोबिन ६ आलेली ऊसतोड कामगार बाई आणि "काही नाही, थोडी चक्कर येती" असं म्हणत पदर सावरून बसलेली तिची सासू. बाकी देवगिरी, खिलजी, पुण्याचा आतेभाव, सगळं पुठ्ठ्याचं.

मग मी दुसरा सल्ला दिला, यंत्र काढ आणि पिशाच्च ठेव. हा निम्मा बरोबर निघाला. का निम्मा, ते पुढं येईल.

पिशाच्च ठेवायचं ठरल्यावर आम्ही त्याचा हिशेब मांडायला बसलो, आणि इथं मी विद्यार्थी झालो. प्रत्येक चाव्यानं माणूस पिशाच्च होतो असं पहिल्या खर्ड्यात होतं. महिन्याला एक चावा धरा. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस महिन्यांत आकडा १०७ कोटींवर जातो. यादवांच्या काळात सुरुवात झाली असती तर खिलजीला लढायला माणूसच सापडला नसता. म्हणून चाव्यानं कुणी पिशाच्च होत नाही, हे ठरलं. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, रक्तदानात घेतात ३५० मिलिलिटर, आणि पुरुषाला पुन्हा द्यायला ९० दिवस थांबावं लागतं. पेढीतली पिशवी थंड पेटीत ३५ दिवस टिकते, मग टाकून द्यायची. तो म्हणाला, "सर, हा आता चावतच नसणार. पस्तीस दिवस उलटलेली पिशवी कोण टाकतंय, ते हेरून ठेवत असणार." त्यातून एक प्रसंग आला. रात्री अडीच वाजता संकलन केंद्राच्या खिडकीशी एक सभ्य म्हातारा येतो आणि अगदी अदबीनं विचारतो, "आजची शिळी आहे का?" कादंबरीतला हा मला सगळ्यात आवडलेला प्रसंग.

युरोपातल्या समजुतींत एक नियम आहे, असल्या पिशाच्चाला वाहतं पाणी ओलांडता येत नाही. आम्ही लसूण टाकला, आरसा टाकला, हा नियम ठेवला. आणि तो इथं आणल्यावर त्याचं काय झालं बघा. आमच्याकडच्या नद्या वाहतात किती दिवस? उन्हाळ्यात नुसती वाळू. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पिशाच्च एका काठावर कोंडलेलं आणि मृगापर्यंत मोकाट. १९७२ च्या दुष्काळात तर त्याला रानच मोकळं. पुढं १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी झालं, डावा कालवा जालना-परभणीकडं आला, आणि त्याच्या वाटेत नवीनच कुंपण पडलं. कालव्याला पाणी सुटलं की त्याचा रस्ता बंद. पाण्याची पाळी कधी सुटणार हे शेतकऱ्याइतकंच तोही कान लावून ऐकतो.

त्याला सातशे वर्षं जिवंत दाखवायचं कसं, जुन्या तसबिरीतला चेहरा वगैरे नको, असं मी म्हटलं होतं. लेखकानं अंगठा शोधला. ७२ च्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचा हजेरीपट, त्यावर शाईचा अंगठा. २०१६, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल, टँकरच्या नोंदवहीवर अंगठा. रेघा त्याच. लॅबमधल्या माणसाला रेघा दिसणारच.

एवढं जमलं, पण गोष्ट हलेना. पिशाच्च बसून आठवणी सांगतंय, नायक ऐकतोय. दीडशे पानं नुसती मुलाखत. यंत्र काढलं आणि जाणंच गेलं. हा माझ्या दुसऱ्या सल्ल्याचा निम्मा भाग.

वाट निघाली ती माझ्या कपाटातून, आणि ती आधीच का सुचली नाही याची मला अजून लाज वाटते. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला, काश्मिरात रचलेला. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. आपण लहानपणापासून विक्रम म्हटलं की उज्जैन म्हणतो. सोमदेवाकडं राजा आहे त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी प्रतिष्ठान, गोदावरीकाठचं. म्हणजे पैठण. वेताळ पाठीवर घेऊन चालणारा राजा आपल्या शेजारचा. याच गोष्टी रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये इंग्रजीत नेल्या, तेव्हा शीर्षकात वेताळाला सरळ व्हॅम्पायर म्हटलं. ड्रॅक्युला यायला अजून सत्तावीस वर्षं होती.

आणि ती गोष्ट मुळात काय आहे? राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. राजा बोलतो, वेताळ सुटतो, पुन्हा तेच झाड, तीच वाट, तीच रात्र. फोनवर मी हे वाचून दाखवत होतो तर तो मध्येच म्हणाला, "सर, हे तर लूप आहे."

लूपच आहे. यंत्र लागतच नाही. खांदा पुरतो.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट मी सहज सांगितली, नि तिनं मात्र पोरगं वेडं झालं. या सगळ्या कथांचं मूळ 'बृहत्कथा', ती गुणाढ्यानं लिहिली म्हणतात, सातवाहन राजाच्या पदरी असताना घडलेल्या भानगडीतून. राणी पाण्यात खेळताना संस्कृतात म्हणाली 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी नको मारूस. राजानं मोदक मागवले. राणी हसली, राजाला लागलं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत संस्कृत शिकवतो. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली, गुणाढ्य हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथं पिशाच्चाच्या तोंडून कथा ऐकली आणि पैशाची भाषेत सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ते नाकारलं, तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं. सहा लाख जळाले, एक लाख वाचले. मूळ ग्रंथ आज नाहीच.

दोन दिवसांनी त्याचा फोन. त्यानं बोट टोचून स्वतःच्या रक्तानं लिहून बघितलं होतं.

"सर, जमत नाही. पाचेक मिनिटांत गोठायलंय. टाकाची फट बुजती. मग नळीतलं घेतलं, न गोठणारं. एका मिलिलिटरात चार श्लोक बसले, बारीक अक्षरात."

"बरं मग?"

"सात लाख भागिले चार. पावणेदोन लाख मिली. १७५ लिटर, सर. सात वर्षांत. दिवसाला ६८ मिली पडतंय. आपल्या रक्तदात्याचा हिशेब लावला तर दिवसाला ४ मिली पण नाही. सतरा पट झालं हे. माणूस असता तर पहिल्या काही महिन्यांतच गेला असता."

मी गप्प. पुराणकथेला मिलिलिटर लावलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तोच होता, सर. गुणाढ्यच. दिवसा लिहायचा अन् रात्री भरून काढायचा."

कादंबरीला नायक मिळाला तो हा. काळ्या झग्यातलं परदेशी पाहुणेपण गेलं, त्याच्या जागी आला पैठणचा एक चिडलेला, अपमान झालेला पंडित. दोन हजार वर्षं तो आपली जळालेली सहा लाख श्लोकांची पोथी पुन्हा रक्तानं लिहितोय आणि त्यासाठी पस्तीस दिवस उलटलेल्या पिशव्या मागत फिरतोय. त्याची तहान शाईची आहे. मला वाटतं, या एका कल्पनेवर कादंबरी उभी राहते, बाकी काही जमलं नाही तरी.

नवी मांडणी अशी झाली. टेक्निशियन त्याला खांद्यावर घेऊन गोदावरीचं कोरडं पात्र ओलांडतो (गंगाखेडला नदीला गंगाच म्हणतात, आणि मजकुरातही तसंच ठेवलंय). वर धरणातून पाणी सुटायच्या आत पलीकडं पोचायचं. वाटेत म्हातारा एकेक साल सांगतो आणि सांगता सांगता ते साल भोवती उभं राहतं: वाळूवर ७२ ची खडी फोडणारी माणसं, त्यांच्या हातात सुकडी, मग मागे, आणखी मागे, १२९६ ची देवगिरी. साल संपलं की प्रश्न. टेक्निशियन उत्तर देतो, कारण त्याला गप्प बसवत नाही, आणि पुन्हा दिवेलागणीला अलीकडच्या काठावर. दोन पिशाच्चं एका सालात यायचा प्रश्नच उरला नाही. म्हातारा कुठं जात नाही, तो आठवतो. आपण त्याच्या आठवणीत पाय ठेवून चालतो.

राहिली मिठाची गाठ. ती मला काढून टाकायची होती, कारण ती सुटत नाही. त्यानं काढू दिली नाही, आणि या वेळी त्याच्याकडं कारण होतं. मूळ पंचविसीतला शेवटचा प्रश्न आठवा. बाप-लेक रस्त्यात दोन बायकांच्या पायांचे ठसे बघून ठरवतात, मोठ्या पायांची बापाला, लहान पायांची लेकाला. गाठल्यावर कळतं, मोठे पाय मुलीचे आहेत आणि लहान आईचे. शब्द दिलेला, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो, लेक आईशी. आता त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो, चालत राहतो, आणि फेरा तिथंच थांबतो. भौतिकीवाले आजोबाला मारायला मागं गेलेल्या नातवाचं कोडं घालतात, त्याचं हे चुलत भावंडच.

तर कादंबरीचा शेवटचा प्रश्न आता हा आहे: 'पोत्यात मीठ आहे हे तू मला देवगिरीत सांगितलंस. मी ते तुला अंधारीत सांगितलं होतं. मग पहिल्यांदा कुणाला कळलं?' टेक्निशियनला माहीत नाही. तो तोंड उघडत नाही. पायाखालची वाळू ओली व्हायला लागलीय.

पान १४० ची चूक अशी शेवटच्या पानावर जाऊन बसली. ती तिथं पूर्ण मुरली आहे का, याबद्दल माझं मन अजून साफ नाही. आठवणीत चालणाऱ्या माणसाला आठवणीतलं कुणी उत्तर कसं देतं, हे विचारणारा वाचक भेटणारच. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "त्यो वाचक बी गप्पच बसंल, सर."

३१२ पानांची १९४ झाली आहेत. चाँद मिनार गेला, आतेभाव गेला, लसूण फोडणीपुरता राहिला. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला मेसेज आला.

"सर, १२९६ ला टमाटे होते का?"

"नव्हते. ते पण तिकडूनच आले."

"मग म्हातारीच्या वरणात चिंच टाकतो."

चिंच चालेल म्हटलं.